पेटीतलं बाळ आणि पेटीबाहेरचे आईबाबा

नमस्कार मंडळी. आज मला बोलायचंय ते मुख्यतः त्या आईबाबांशी, ज्यांचं बाळ वेळेआधी जन्माला आलंय आणि जे आत्ता एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या बाहेर बसून हे ऐकतायत किंवा बाळाला तिथे ठेवून रिकाम्या हाताने घरी आलेत. बाकीच्यांनीही ऐका, कारण जगात साधारण दहातलं एक बाळ ३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आधीच जन्मतं, २०२० या एका वर्षात अशी जवळपास १ कोटी ३४ लाख बाळं झाली, म्हणजे आज ना उद्या कुणी ओळखीचं यातून जाणारच आहे.

मी नवजात विभागात सिस्टर म्हणून बरीच वर्षं काम केलंय. पहिल्या दिवशी जवळजवळ प्रत्येक आई एकच विचारते, सिस्टर माझं काय चुकलं हो? जास्त चालले म्हणून का, वजन उचललं म्हणून का, त्या दिवशी घरात भांडण झालं म्हणून का. ताई, ऐका माझं. कधी बीपी वाढलेलं असतं, कधी जुळं असतं, कधी इन्फेक्शन, कधी गर्भाशयाचं तोंड लवकर उघडतं, आणि खूप वेळा तर नेमकं कारण डॉक्टरांनाही सापडत नाही. तुमच्या एखाद्या दिवसाच्या कामामुळे हे झालं असं मनाला लावून घेऊ नका, आणि घरच्यांनो, तुम्हीही हे तिच्यासमोर उगाळू नका. सातव्या महिन्याचं जगतं आणि आठव्याचं जगत नाही असंही कुणीतरी येऊन सांगून जातंच, ते साफ खोटं आहे, पोटात मिळालेला एकेक आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो.

आता पेटीत, म्हणजे बाळाला उबेत ठेवणाऱ्या इन्क्युबेटरमध्ये, काय चाललंय ते समजून घेऊया, कारण निम्मी भीती त्या नळ्यांची आणि आवाजांचीच असते. सगळ्यात मोठा प्रश्न फुफ्फुसांचा. फुफ्फुसातले बारीक वायुकोश श्वास सोडल्यावर मिटून आतून चिकटू नयेत म्हणून आत सर्फॅक्टंट नावाचा एक द्रव लागतो आणि तो पुरेसा तयार होतो शेवटच्या काही आठवड्यांत, म्हणून आधी आलेलं बाळ प्रत्येक श्वासाला झगडतं, छाती आत ओढली जाते, कण्हतं. १९६३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि याच त्रासाने दोन दिवसांच्या आत गेला, तेव्हा राष्ट्राध्यक्षाच्या मुलालाही देण्यासारखं औषध जगात नव्हतं. १९८० मध्ये जपानमधल्या डॉ. फुजिवारांनी बाहेरून सर्फॅक्टंट देऊन बाळं सावरतात हे दाखवलं, आणि आज साडेपाच आठवडे आधी आलेली बहुतेक बाळं हसतखेळत घरी जातात.

मग तो अलार्म. वाजला की आईचा जीव गोळा होतो. कमी दिवसांच्या बाळाच्या मेंदूतलं श्वासाचं केंद्र अजून कच्चं असतं त्यामुळे बाळ मधेच श्वास घ्यायचं विसरतं, वीस सेकंद किंवा त्याहून जास्त थांबलं तर आम्ही त्याला ॲप्निया म्हणतो, पायाला हलकं चोळलं की बऱ्याचदा परत सुरू होतं, आणि यासाठी औषध म्हणून चक्क कॅफीन देतात. मोठं होईल तसं बहुतेकांचं हे आपोआप थांबतं. कधी कधी प्रोब, म्हणजे पायाला लावलेला सेन्सर, जागेवरून सरकला तरी मॉनिटर ओरडतो. म्हणून आकड्याकडे टक लावून बसू नका, बाळाकडे बघा. रंग कसाय, छाती कशी हलतेय, चेहरा शांत आहे का. काही दिवसांत तुम्हाला तुमचं बाळ आमच्याइतकंच कळायला लागतं, हे मी खरंच बघितलंय.

आणि हेच मला आज मुख्य सांगायचंय, तुम्ही तिथले व्हिजिटर नाही आहात. तुमचा हात, तुमची छाती, तुमचं दूध हा उपचाराचाच भाग आहे, तो आम्ही कुठल्या कपाटातून काढून देऊ शकत नाही.

हाताचंच घ्या. एक आई पहिल्यांदा पेटीच्या खिडकीतून हात घालून बोटाच्या टोकाने बाळाच्या दंडावरून हळूच कुरवाळत होती, किती प्रेमाने, पण बाळाने बोटं फाकवली, तोंड फिरवलं, उचकी लागली आणि सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, ब्याण्णव टक्क्यांवरून खाली यायला लागलं, ती घाबरून हात काढायला गेली. मी म्हटलं काढू नका, फक्त हलवू नका, एक तळवा डोक्यावर ठेवा आणि दुसऱ्याने पाय पोटाशी जुळवून धरा. थोड्या वेळात बोटं मिटली, आकडा वर आला, बाळ झोपलं. इतक्या लहान जिवाला कुरवाळणं फार होतं, स्थिर आणि उबदार हात पुरतो. बोटं फाकणं, नजर चुकवणं, सारख्या जांभया, रंग बदलणं म्हणजे बाळ सांगतंय की आता पुरे. पेटीवर टिचकी मारू नका, वर मोबाईल ठेवू नका, आत तो आवाज फार मोठा होतो.

डॉक्टर हो म्हणाले की कांगारू केअर सुरू करा, आणि ते हो म्हणायची वाट बघण्यापेक्षा तुम्हीच विचारा. ही पद्धत आली कोलंबियातल्या बोगोटा शहरातून, १९७८ मध्ये डॉ. एडगर रे यांच्याकडे बाळं जास्त आणि पेट्या कमी पडत होत्या म्हणून. बाळाला फक्त डायपर आणि टोपी, उघड्या छातीवर उभं धरायचं, पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला आणि किंचित वर म्हणजे नाक मोकळं, वरून कापडाने घट्टसर बांधायचं. बाळाचं तापमान टिकतं, श्वास सुधारतो, आईला दूध जास्त येतं. भारतासह पाच देशांत झालेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मल्यावर लगेच असं ठेवलं तर पहिल्या महिन्यातले मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले, म्हणून जागतिक आरोग्य संघटना आता दिवसात ८ ते २४ तास जमेल तितकं करा म्हणते. एकट्या आईला हे कसं झेपेल? बाबांनो, शर्टाची बटणं काढा आणि बसा. तुमची छातीही तेवढीच उबदार आहे.

दुधाचं सांगते. चोखणं, गिळणं आणि श्वास हे तिन्ही एकत्र जमायला गर्भारपणापासून मोजून साधारण ३४ आठवडे व्हावे लागतात, तोवर नळीने दूध जातं. म्हणून पहिल्या काही तासांतच दूध काढायला लागा, दिवसातून आठेक वेळा, रात्रीसुद्धा. सुरुवातीला चमचाभरही येत नाही आणि बायका रडतात, पण ते चार थेंबही बाळाच्या गालाच्या आत लावतात आणि ते खूप मोलाचे असतात, आतड्याच्या एका गंभीर आजारापासून आईचं दूध बाळाला वाचवतं. नाहीच आलं तर दूध बँक असते, तिथे दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध मिळतं, तुम्ही कमी पडला असं नाही.

घरी गेल्यावर वयाचा हिशेब नीट ठेवा. आठ आठवडे आधी आलेलं बाळ जन्मून चार महिन्यांचं झालं तर त्याच्याकडून अपेक्षा दोन महिन्यांच्या बाळाची ठेवायची, मान धरणं, हसणं, पालथं पडणं सगळं ड्यू डेटपासून मोजायचं, दोन वर्षांचं होईपर्यंत. शेजारच्या बाळाशी तुलना करून झोप घालवू नका. फक्त लसी मात्र जन्मतारखेनेच द्यायच्या, बाळ बारीक दिसतंय म्हणून पुढे ढकलू नका, त्यालाच त्यांची जास्त गरज आहे.

डोळ्यांच्या पडद्याची तपासणी चुकवू नका, याबाबतीत मी हट्टी आहे. रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढल्या तर नजर कायमची जाऊ शकते, बाहेरून काहीही दिसत नाही आणि उपचाराची वेळ फार थोडी असते. फार लवकर जन्मलेल्या किंवा फार कमी वजनाच्या बाळांची पहिली तपासणी साधारण चार आठवड्यांनी असते, पुढची तारीख डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. कानांचीही तपासणी करून घ्या. झोपवताना पाठीवर, घरात कुणी सिगारेट ओढायची नाही, हात धुतल्याशिवाय कुणालाही बाळ द्यायचं नाही, पाहुण्यांना राग आला तरी चालेल.

दूध प्यायचं बंद केलं, मिनिटाला साठच्या वर श्वास चाललाय, छाती आत जातेय, हातपाय गार पडलेत, ओठ निळसर दिसतायत, तळवे पिवळे झालेत किंवा उठवूनही उठत नाही, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळ व्हायची वाट बघू नका, तेव्हाच दवाखान्यात या. आणि आई, तुम्हालाही बाळ झोपल्यावर झोप येत नसेल, दोन आठवडे झाले तरी रोज रडू येत असेल, अलार्मचा आवाज कानात वाजत राहत असेल तर बाळाच्या पुढच्या तपासणीला तेही डॉक्टरांना सांगा, त्यावर उपचार आहेत.