जपानी देवनागरीत लिहू नका!

नमस्कार मंडळी! रत्नागिरीत दोन दिवस धो-धो पाऊस आहे, मागे पागोळ्यांचा आवाज येईल, सांभाळून घ्या.

दर व्हिडिओखाली तीच मागणी: 'ताई, जपानी अक्षरांची देवनागरीतली पीडीएफ द्या ना.' नाही देणार. का, ते सांगते.

हिरागाना आणि काताकाना या जपानीच्या उच्चारानुसार लिहायच्या दोन लिप्या, प्रत्येकीत मूळ अक्षरं ४६. आ-ई-ऊ-ए-ओ, मग का-सा-ता-ना. हा क्रम बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासातूनच तिकडे रुजला, त्यामुळे आपल्याला पटकन पाठ होतो. पुढे.

खरा घोळ लांब स्वराचा. काकू म्हणजे ओ-बा-सा-न, चार मात्रा. आजी म्हणजे ओ-बा-आ-सा-न, पाच मात्रा. देवनागरीत आखूड 'बा'लाच आपण काना देऊन टाकतो, मग लांबासाठी उरतं काय? वहीत दोघींचं 'ओबासान'च होतं.

माझ्या वहीतही तसंच होतं. शिकत असताना मी सेन्सेईंना, म्हणजे माझ्या जपानीच्या शिक्षकांना, फोटो पाठवला: आजी पडवीत बसून आमसुलांना कोकमाच्या रसाचं पूट देतेय, बोटं लालभडक. खाली जपानीत दोन ओळी. उत्तर आलं, 'काकूंना नमस्कार सांगा.' आजीबद्दल पहिल्यांदाच परक्या भाषेत लिहिलं आणि नातंच चुकलं. फार लागलं मला ते.

टाळ्या वाजवून बघा. आपण म्हणतो टोकियो. त्यांचं तो-ओ-क्यो-ओ, चार टाळ्या. वाजवा. परत वाजवा!

आता फोन. जपानी कीबोर्ड घ्या, पण इंग्रजी अक्षरांचा नको, बारा बटणांचा घ्या. 'का' दाबलं की 'का'. तेच बोट डावीकडे सरकवलं की 'की', वर 'कू', उजवीकडे 'के', खाली 'को'. आपली बाराखडीच की! आणि आजी लिहिताना 'बा'नंतर 'आ'चं बटण वेगळं दाबावंच लागतं. कान फसेल, वही फसेल, बोट नाही फसत.

देवगडचे एक दादा विचारतात, आमच्याकडे रेंज नसते, काय करू? कीबोर्ड एकदा डाउनलोड केलात की रेंज नसली तरी चालतो.

आणि 'जेएलपीटीत (जपानी भाषेच्या परीक्षेत) लिहायचं नसतंच ना' म्हणणाऱ्यांनो, बरोबर आहे, तिथे पर्यायच निवडायचे असतात. पण त्या पर्यायांत नेमकी हीच एक मात्रा कमी-जास्त करून ठेवलेली असते!

चला, कमेंटमध्ये जपानी कीबोर्डवरून 'आजी' लिहा. पाच अक्षरं. एकेक तपासणार आहे मी.