मूळ गाव कोणतं?

श्रोतेहो, नमस्कार.

माझी नात बेलफास्टमध्ये राहते. नऊ वर्षांची आहे. गेल्या वर्षी तिच्या शाळेत मुलांना आपापल्या आडनावाची माहिती काढून आणायला सांगितलं होतं. तिचं आडनाव कॅम्पबेल. फोनवर म्हणाली, "आजी, तुझ्या आडनावात तुझं गावच आहे. माझ्या आडनावात काय आहे?"

त्या प्रश्नापायी मी दोन उन्हाळे दफ्तरखान्यात बसले. आज त्याच शोधाबद्दल बोलणार आहे.

आमचे जावई उत्तर आयर्लंडचे, टायरोन काउंटीतले. ज्यांना अमेरिकेत स्कॉच-आयरिश किंवा स्कॉट्स-आयरिश म्हणतात, त्या लोकांपैकी. त्यांच्या घरात स्वतःला अल्स्टर-स्कॉट म्हणतात. नावातच दोन देश आहेत, आणि त्याला कारण आहे. १६०७ मध्ये आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतातले ओनील आणि ओडॉनेल हे दोन मोठे आयरिश सरदार रॅथमुलनच्या किनाऱ्यावरून जहाजात बसून युरोपात निघून गेले. मागे राहिलेली त्यांची जमीन स्कॉटलंड आणि इंग्लंडचा राजा जेम्स याने जप्त केली आणि १६०९ पासून तिथे स्कॉटलंड आणि इंग्लंडमधली माणसं वसवायला सुरुवात केली. अँट्रिम आणि डाऊन या दोन काउंट्यांत तर त्याआधीच, १६०६ पासून, हॅमिल्टन आणि माँटगोमेरी या दोन स्कॉटिश माणसांनी त्यांच्या मुलखातली कुळं आणून बसवली होती. मधला समुद्र सगळ्यात अरुंद जागी वीसेक किलोमीटरचा. स्वच्छ दिवशी अँट्रिमच्या कड्यावरून स्कॉटलंड दिसतं, मी स्वतः पाहिलं आहे. ती जमीन रिकामी मात्र नव्हती. ती कसणारे आयरिश शेतकरी निकस रानांकडे ढकलले गेले, आणि ते दुःख तिथे अजून बोललं जातं. हे सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये असं मला वाटतं.

पुढच्या शतकात याच वसाहतवाल्यांची नातवंडं-पतवंडं अमेरिकेला निघाली. जमिनीचे पट्टे संपले की खंड वाढायचा, पिकं बुडत होती, आणि प्रेस्बिटेरियन, म्हणजे या लोकांनी स्कॉटलंडहून आणलेल्या प्रोटेस्टंट पंथाच्या माणसाला १७०४ च्या कायद्याने सरकारी पदं बंद होती. १७१८ मध्ये काही जहाजं भरून कुटुंबं बोस्टनला उतरली, आणि मग पेनसिल्वेनियापासून अ‍ॅपलाचियाच्या डोंगरांपर्यंत ती पसरली. म्हणून आज अमेरिकेतल्या आपल्या मराठी घरांतही सून किंवा जावई आर्मस्ट्राँग, जॉन्स्टन, फर्ग्युसन असू शकतो.

आता आडनावांकडे येते. सगळ्यात मोठा गैरसमज असा की 'मॅक' लागलं म्हणजे स्कॉटिश. 'मॅक' म्हणजे मुलगा. हा शब्द गेलिक भाषेतला, आणि गेलिक समुद्राच्या दोन्ही काठांवर बोलली जात होती. मॅक गोवन म्हणजे लोहाराचा मुलगा. कॅव्हन काउंटीत इंग्रजी कारकुनांच्या काळात कित्येक मॅक गोवन सरळ स्मिथ झाले. म्हणजे स्मिथ नावाचा माणूस अस्सल आयरिश असू शकतो.

कॅम्पबेलचा गुंता याहून मोठा. स्कॉटलंडमध्ये त्याचा अर्थ वाकड्या तोंडाचा. कुणा पूर्वजाला पडलेलं ते नाव, आपल्याकडे बोबडे किंवा टकले पडतं तसंच. पण टायरोनमध्ये, क्लॉहर गावाच्या आसपास, मॅक काहवील नावाचं जुनं आयरिश घराणं होतं. त्या नावाचा अर्थ लढाईतला म्होरक्या असा. इंग्रजीत लिहिताना त्यांच्यापैकीही अनेकांचं कॅम्पबेल झालं. तिसरी वाट आणखी वेगळी. याच राजा जेम्सने १६०३ मध्ये मॅकग्रेगर हे आडनाव कायद्याने बंद केलं, ते लावणाऱ्याला देहदंड. तो कायदा मधल्या काही वर्षांचा अपवाद सोडला तर १७७४ पर्यंत टिकला. त्या काळात मॅकग्रेगरांनी दुसरी नावं घेतली. त्यांत कॅम्पबेलही होतं.

एक नाव आणि तीन उगम. मग नातीला सांगायचं काय?

इथे मला त्र्यंबकेश्वर आठवलं. वडील गेल्यानंतर आम्ही भावंडं तिथे गेलो होतो. तीर्थोपाध्यायांच्या ओटीवर बसलो. गुरुजींनी आडनाव विचारलं, मान डोलावली, पण वही उघडली नाही. "मूळ गाव कोणतं?" म्हणाले. गाव सांगितलं तेव्हा आत जाऊन त्यांनी लाल बासन आणलं, लांबट पानं उलटली आणि माझ्या पणजोबांची सही दाखवली. मोडीतली, शेवटची वेलांटी मागे वळवून घेतलेली. आडनावाची माणसं शेकडो, ती गावाच्या आधारानेच वेगळी करता येतात.

बेलफास्टचा सरकारी दफ्तरखाना टायटॅनिक जहाज जिथे बांधलं त्या गोदीच्या परिसरात आहे. पहिल्या दिवशी तिथल्या बाईंना मी कॅम्पबेल म्हटलं. त्या हसल्या आणि विचारलं, "कुठल्या टाऊनलँडचे?" मला एकदम ओटीवर बसल्यासारखं झालं.

टाऊनलँड म्हणजे आपल्या वाडीएवढा जमिनीचा तुकडा. अख्ख्या आयर्लंड बेटावर ते साठ हजारांच्या वर आहेत, आणि प्रत्येकाला स्वतःचं नाव. खंडाच्या पावत्या, जमिनीची मोजणी, शिरगणती, सगळं या नावाखाली लावलेलं. अमेरिकेतून येणारे पुष्कळ लोक फक्त आडनाव घेऊन येतात, आडनावाचं बोधचिन्ह छापलेला कप विकत घेतात आणि परत जातात. मला त्यांच्याबद्दल फार वाईट वाटतं. घरातल्या जुन्या बायबलच्या पहिल्या पानावर, एखाद्या पत्राच्या डोक्यावर किंवा थडग्याच्या दगडावर त्या टाऊनलँडचं नाव बहुधा असतं. ते आधी शोधावं.

कागद कमी आहेत, हे खरं. ३० जून १९२२ ला, आयर्लंडच्या यादवीत, डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातलं सरकारी दफ्तर स्फोटात जळालं. अर्धवट जळकी पानं शहरावर उडत होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या शिरगणत्या, सरकारमान्य प्रोटेस्टंट चर्चची असंख्य रजिस्टरं, मृत्युपत्रं, जवळजवळ सगळं गेलं. पण प्रेस्बिटेरियन चर्चची रजिस्टरं त्या-त्या चर्चपाशीच होती, त्यामुळे वाचली. १९०१ आणि १९११ च्या शिरगणत्याही शाबूत आहेत, आणि त्यांत माणसाचा पंथ आणि त्याला आयरिश भाषा येते का, हेही लिहिलेलं आहे.

आम्ही १९०१ पासून मागे सरकत गेलो. टाऊनलँड हाती होतं, जावयांच्या आजोबांच्या पत्रावर. शिरगणतीत घर सापडलं, पंथ प्रेस्बिटेरियन. त्याआधीचं लग्न सरकारी नोंदीत मिळालं. बिगर-कॅथलिक लग्नं तिथे १८४५ पासून नोंदवली आहेत. मग १८६० च्या सुमाराची ग्रिफिथची जमीनमोजणी, म्हणजे करासाठी केलेली जमिनीची आकारणी, त्यात तेच टाऊनलँड, तेच घर. त्याआधीची चर्चच्या दशांशाची, म्हणजे चर्चला द्यायच्या कराची, पुस्तकं १८२३ ते १८३७ मधली, तिथेही कुटुंब आहे. आणखी मागे १७९६ ची एक छापील यादी आहे. लिनन म्हणजे जवसाच्या धाग्याचं कापड; त्या धंद्याच्या लिनन बोर्डाने जवस पेरणाऱ्यांना बक्षीस दिलं होतं, एक एकराला चार चरखे, पाच एकरांना एक माग. त्या शेतकऱ्यांची नावं काउंटी आणि पॅरिशनुसार, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीनुसार, तीत लावली आहेत. आम्ही आमच्या पॅरिशचं पान उघडलं. कॅम्पबेल नाही. तीन वेळा पाहिलं, नाहीच.

त्या रविवारी आम्ही जावयांच्या आत्याबाईंकडे चहाला गेलो. ऐंशी उलटलेल्या, क्लॉहरच्या बाजूलाच आयुष्य गेलेलं. त्यांनी सोडा ब्रेडला लोणी लावता लावता सगळ्या घराण्याची हकीकत सांगितली आणि मी माझ्या सवयीने वहीत देवनागरीत उतरवत होते, जसं कानावर पडेल तसं. रात्री वही वाचायला घेतली. पानभर 'कॅमल' लिहिलेलं. कॅमल आजोबा, कॅमलांचं शेत, कॅमलांची विहीर. आत्याबाई आपलं आडनाव तसंच म्हणतात. 'प' नाही, 'ब' नाही. मी ऐकलं ते लिहिलं.

१७९६ च्या कारकुनानेही ऐकलं तेच लिहिलं असणार. सोमवारी पुन्हा तेच पान काढलं. कॅमल होतं! सी-ए-एम-ई-एल. नाव विल्यम. आमच्या घराण्यात थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव द्यायची स्कॉटिश चाल चालत आलेली दिसते, आणि आपल्याकडच्यासारखंच त्या नावावरून माणूस ओळखता येतो. १८६० च्या घराचा मालक विल्यमच होता.

जाता जाता आपल्या भागासाठी एक गोष्ट सांगते. हा शोध उलट्या दिशेनेही चालतो. १८१८ मध्ये पेशवाई गेल्यावर अहमदनगरचा कारभार ज्याच्याकडे आला, तो कॅप्टन हेन्री पॉटिंजर डाऊन काउंटीतला, बेलफास्टच्या वेशीवरचा. पुढे तो हाँगकाँगचा पहिला गव्हर्नर झाला. कंपनीच्या फौजेत असे कितीतरी अल्स्टरचे शिपाई होते. मुंबई इलाख्यातले त्यांचे बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत नोंदलेली आहेत. त्यांचे वंशज पुण्या-नगरच्या जुन्या दफनभूमींत नावं शोधत येतात. कुणी भेटलं तर त्यांना दगड दाखवायला सोबत जा. अक्षरं दरवर्षी पुसट होत आहेत.

मग आमचे कॅम्पबेल वाकड्या तोंडाचे की लढाईतल्या म्होरक्याचे? पंथ आणि नावं ठेवायची चाल स्कॉटलंडकडे बोट दाखवतात, गाव मॅक काहवीलांच्या जुन्या मुलखातलं. बापाकडून मुलाकडे जाणारी गुणसूत्राची चाचणी करायला जावई तयार झाले आहेत. नातीने शाळेच्या कागदावर दोन्ही अर्थ लिहिले, आणि टाऊनलँडचं नाव मोठ्या अक्षरांत.

ती यादी मी आत्याबाईंना वाचून दाखवली. विल्यम कॅमल, चार चरखे. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "एक चरखा होता गं, माळ्यावर. मी लहान असताना एका कडक थंडीत आईने तो चुलीत घातला. कुणाचा होता ते आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं."

नमस्कार.