रात्र कुणाकडे मोजायची?

(दृश्य: गोव्यातल्या साखळी गावातलं घर. स्वयंपाकघराची भिंत.)

या भिंतीवरच्या कालनिर्णयात एकादशी-संकष्टीच्या जोडीला आणखी खुणा आहेत. निळं वर्तुळ म्हणजे मुलगा त्या रात्री आईकडे झोपला. लाल म्हणजे वास्कोला, बाबांकडे. मे महिन्याचं पान जवळजवळ सगळं लाल आहे. त्याच महिन्यात पोटगीचे पैसे आले नाहीत.

बाबा म्हणतात, "महिनाभर पोरगा माझ्याकडे जेवला-खाल्ला. मग तिकडे पैसे कशाचे पाठवू?" आई म्हणते, "घरभाडं मे महिन्यात थांबतं का? वह्या, युनिफॉर्म, रेनकोट, सगळं मीच आणलं." दोघांतलं कुणीच खोटं बोलत नाही. म्हणून तर हे भांडण सुटता सुटत नाही.

गोव्यात लग्नाच्या सह्या आणि नवरा-बायकोच्या मालमत्तेमागे 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा आहे. घटस्फोटाचा कायदा 1910 चा. मुलाच्या पोटगीचा रस्ता मात्र देशभर आहे तोच इथंही: पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125, आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144. रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात 2020 साली सर्वोच्च न्यायालयानं बजावलं, की दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता, कर्ज असं सगळं प्रतिज्ञापत्रावर मांडावं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावी. आई पुरेशी कमावती असेल, तर मुलाचा खर्च कमाईच्या प्रमाणात वाटता येतो.

पण मूल महिन्यातल्या दहा रात्री दुसऱ्या घरी राहिलं, तर रक्कम किती कमी करायची? याचं सूत्र आपल्या कायद्यात नाही.

ब्रिटनमध्ये आहे. स्विंडनला गेलेल्या आपल्या गोंयकारांना ते लागू पडतं. तिथं सरकारी हिशेबात वर्षाला 52 रात्री मूल पैसे देणाऱ्याकडे राहिलं, की रकमेचा सातवा हिस्सा कमी होतो. 104 रात्रींना दोन हिस्से, 156 ला तीन, आणि 175 पासून रक्कम निम्मी, वर प्रत्येक मुलामागे आठवड्याला 7 पौंड कमी. नियम स्वच्छ आहे. पण 103 आणि 104 मधल्या त्या एका रात्रीला किंमत येते आणि आई-बाप तिच्यावरूनच भांडायला लागतात.

(दृश्य: दप्तर. बाजूचा कप्पा उघडा.)

एका रविवारी मुलाचा इनहेलर वास्कोला राहिला. कदंब बसमधून उतरून घरी आल्यावर ते लक्षात आलं. रात्री साडेआठला आई फार्मसीत धावली. त्या इनहेलरची पावती तिनं बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवली आहे. ती रात्र निळी. पण पावती कुणाच्या खात्यात? बाबांच्या घरीही मुलासाठी वेगळी खाट आहे, वेगळे कपडे आहेत. तोही खर्च खराच आहे.

आम्हाला मनापासून वाटतं, की मूल कधी कुठं राहणार हे ज्या हुकुमात लिहिलं जातं, त्याच हुकुमात फी, औषधं, कपडे कुणी भरायचे हेही लिहिलेलं असावं. मुलाच्या ताब्याचा अर्ज वेगळा, पोटगीचा वेगळा, आणि मधल्या फटीत हे कालनिर्णय. न्यायाधीशांसमोर नुसती वर्तुळं नकोत. पावत्यांचा डबाही हवा, दोन्ही घरांतला.

आईचे वकील पुढच्या तारखेला मेचा हिशेब मांडणार आहेत. ती तारीख चवथीनंतरची आहे. साखळीतला गणपती दीड दिवसाचा, वास्कोचा पाच दिवसांचा. दीड दिवस इथं, गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली, मग बाबांकडे, एवढं त्या दोघांनी फोनवरच ठरवलं. वकिलाला विचारलं नाही.