काचपट्टीवरचा थेंब

काचपट्टीवर एक थेंब. उंदरिणीच्या योनीतून ड्रॉपरने घेतलेला. रोज सकाळी ठरलेल्या वेळी तो घ्यायचा, वाळवायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवायचा.

या गोल, ठसठशीत केंद्रकाच्या पेशी पाहा. हा प्रोइस्ट्रस, मादीच्या प्रजननचक्रात इस्ट्रोजेन हे संप्रेरक शिखरावर जाण्याचा टप्पा. उद्या इथे केंद्रक हरवलेल्या कोरड्या खपल्या असतील, पुढे बारीक पांढऱ्या रक्तपेशींची दाटी. चार-पाच दिवसांत चक्र पुरं होतं.

एवढा खटाटोप पोटातली कळ मोजायला.

टाचणी टोचली की बोट नेमक्या जागी जातं. आतड्याची, मूत्राशयाची, गर्भाशयाची कळ तशी सापडत नाही. या अवयवांचे चेतातंतू मुळात विरळ, त्यात मज्जारज्जूत शिरताना शेजाऱ्यांच्या वाटेत मिसळलेले. कळ आलेला माणूस म्हणूनच बोट दाखवत नाही, अख्खा तळहात पोटावर फिरवतो.

उंदरीण तेवढंही करत नाही. तिच्यासाठी हा फुगा. मोठ्या आतड्याच्या टोकाशी बसवलेला, दाब पाऱ्याच्या ८० मिलिमीटरपर्यंत, वीस सेकंद. पोटाचे स्नायू आखडले की पडद्यावरची रेघ... ही बघा, दाट झाली. अंडाशय काढल्यावर हीच रेघ मंदावते. इस्ट्रेडिओल, म्हणजे इस्ट्रोजेनचाच एक प्रकार, दिलं की पुन्हा उसळते.

मग हा थेंब इतकी वर्षं बहुतेकांनी घेतलाच का नाही? उत्तर ठरलेलं असायचं: मादीचं चक्र आकडे बिघडवतं, नरच बरे. २००९च्या चेताविज्ञानातल्या प्राणी-प्रयोगांची मोजदाद झाली. फक्त मादीवरच्या एका अभ्यासामागे फक्त नरांवरचे साडेपाच. पुढे २०१४ साली २९३ शोधनिबंध चाळून पाहिले गेले, तर चक्राचा दिवस न बघताही माद्यांचे आकडे नरांपेक्षा जास्त विखुरलेले निघाले नाहीत. म्हणजे सबब होती, आणि तीही न तपासलेली! अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१६पासून निधी मागणाऱ्यांना विचारायला सुरुवात केली, प्रयोगात नर-मादीचा विचार केला आहे का? विचारलं, हेही खूप झालं.

आता माणसांची खोली. डाव्या कुशीवर झोपलेली स्वयंसेविका, तसाच फुगा, आणि दुखलं की दाबायला हातात बटण. इरिटेबल बाउल, म्हणजे वरचेवर पोट दुखवणारा आतड्याचा विकार, असलेल्या बायकांचं गुदाशय पाळीच्या दिवसांत कमी दाबालाच कुरकुरतं. निरोगी बायकांत असा फरक दिसला नाही. तरी पोटदुखीच्या कागदावर पाळीची तारीख क्वचितच असते.

पुन्हा प्रयोगशाळा. काचपट्टी धुतली जाते. वहीत आजची तारीख, पिंजऱ्याचा क्रमांक, आणि तिसऱ्या रकान्यात पेन्सिलीने एकच अक्षर: ‘प्रो’.