उभं राहायची तालीम

रविवार, सकाळचे नऊ. कोल्हापुरातल्या एका शिकवणीची माडीवरची खोली. आठवडाभर इथं दहावीचं गणित चालतं. फळ्यावर वर्तुळाची स्पर्शिका अजून तशीच आहे, आणि तिच्या शेजारी कुणीतरी खडूनं लिहिलंय, ‘आजचं बोर्ड’. म्हणजे आज चालायच्या खटल्यांची यादी. खाली सहा मॅटर. सहाही खोटी, सरावापुरती. वंचित समाजांतून आलेले नवे वकील इथं कोर्टात उभं राहायची तालीम करतात.

टेबलावर चादर टाकली की न्यायपीठ तयार. खुर्चीत बसलेत ते दिवाणी बाजूला आयुष्य काढलेले जुने वकील. मुलं त्यांना सर म्हणतात. पण आता तासभर ते ‘माय लॉर्ड’.

(हातांचा क्लोज-अप)

बँडचा, वकिलाच्या पांढऱ्या गळपट्टीचा, हूक मानेमागं लागत नाहीये. हूक वाकडा झालाय, सेफ्टी पिन शोधावी लागेल. ही पारधी समाजातली. आजोबांचं लहानपण सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, तारेच्या कुंपणाआत गेलं. १८७१च्या कायद्यानं अख्ख्या जमातीला जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं. तो कायदा गेला १९५२ साली. तिच्याआधी घरातलं जे कुणी कोर्टात उभं राहिलं, ते पिंजऱ्यात.

‘मॅडम, कागद वाचू नका. माझ्याकडं बघा. प्रेअर काय तुमची? कोर्टाकडं मागताय काय?’

(इथं निवेदन नाही. खोलीतला आवाज तसाच ठेवावा.)

कायदा यांना येतो, परीक्षा देऊन आलीत सगळी. इथं शिकवतात ते पुस्तकात नसतं. अर्ध्या मिनिटात मेन्शनिंग, म्हणजे मॅटर लवकर घ्यायची विनंती, कसं करायचं. समोरच्यानं तारीख मागितली तर विरोध कोणत्या शब्दांत करायचा. चार वर्षं नुसती फाइल उचलायला लावणाऱ्या सिनियरला ‘आजचं मॅटर मी चालवू का?’ असं कसं विचारायचं. बारच्या, म्हणजे वकील संघटनेच्या, निवडणुकीचा अर्जसुद्धा इथंच एकदा भरून बघतात. आणि एक सराव कॅमेऱ्यापुढं करायला मुलं आधी लाजली. बार रूममध्ये कुणी चहा पिता पिता विचारतं, ‘आडनाव काय म्हणालात? मूळ गाव कुठलं?’ तेव्हा नजर खाली न घालता सांगायचं. हा सराव दोनदा घेतात.

(शाहू महाराजांचा पुतळा, दसरा चौक)

या गावाला हे नवं नाही. शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात अस्पृश्य तरुणांना वकिलीच्या सनदा दिल्या. सनद दिली म्हणजे पक्षकाराला, कारकुनाला, समोरच्या वकिलाला, सगळ्यांना त्यांच्याशी बोलणं आलं. भाषणं देऊन जे झालं नसतं, ते एका कागदानं साधलं. मार्च १९२०मध्ये माणगावच्या परिषदेत महाराजांनी अठ्ठावीस वर्षांच्या एका प्राध्यापकाकडं बोट दाखवून, हा तुमचा पुढारी, असं लोकांना सांगितलं. तेव्हा आंबेडकर बॅरिस्टरही झालेले नव्हते. पुढारी तयार झाल्यावर हार घालणारे पुष्कळ असतात. महाराजांनी आधी मंच दिला.

१९२३ साली बाबासाहेब मुंबईत वकिली करायला आले, तर सनदेची फी भरायला पैसे नव्हते. नवल भथेना या मित्रानं ते दिले. सनद मिळाली, पण पक्षकारांची कामं वाटणारे सॉलिसिटर त्यांना ब्रीफ, म्हणजे चालवायला मॅटर, देईनात.

(नोंदणीचा फॉर्म, रकान्यांवरून फिरणारं बोट)

फीचं दुखणं शंभर वर्षं चाललं. कायद्यात नोंदणी फी साडेसातशे, अनुसूचित जाती-जमातींना सव्वाशे. वकिलांची नोंदणी करणारी बार कौन्सिलं मात्र हजारोंनी घेत, ओडिशात चाळीस हजारांवर. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, कायद्यात आहे तेवढीच घ्या. ब्रीफचं दुखणं अजून आहे तिथंच आहे. त्याला निकाल नाही. त्याला ही माडीवरची खोली.

२०१८पासून २०२४च्या मध्यापर्यंत देशातल्या उच्च न्यायालयांत ६६१ न्यायाधीश नेमले गेले. अनुसूचित जातींचे २१, जमातींचे १२.

(सोमवार. भाऊसिंगजी रोड.)

ऑगस्ट २०२५पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारं पीठ, इथं भरतं. सहा जिल्ह्यांच्या पक्षकारांची रात्रीची मुंबई गाडी वाचली. ज्युनिअरांचीही वाचली, मुंबईत राहायचं कुठं, हा प्रश्न आधी यायचा, कायद्याचा मुद्दा नंतर.

आत कॅमेरा नेता येत नाही. आपण फाटकापाशी थांबतो. समोर झेरॉक्सवाला, वडापावची गाडी, कोटावर कोट घालून आल्यासारखी घामेजलेली गर्दी.

साडेबारा. ती बाहेर येते. बँडला पिन आहे.

‘झालं का?’

‘पासओव्हर. जेवणानंतर पुकारतील. सिनियर म्हणालेत, तूच चालव.’

ती वडापाव घेते, एक घास खाते, कागदात गुंडाळून पिशवीत ठेवते. फाइल उघडते.