सही येते, गाठ येत नाही

[अक्कलकोट रोड, रात्र. उसाच्या ट्रॉल्यांची रांग]

थंडी पडली की सोलापुरात दोन गोष्टी येतात, गड्ड्याच्या जत्रेतले पाळणे आणि उसाच्या ट्रॉल्या. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस मागं असा लोंबतोय की टेललाईट असला तरी दिसणार नाही, आणि बऱ्याचदा तो नसतोच. टेपवर गाणी मात्र फुल आवाजात.

अशाच एका ट्रॉलीवर आमचे दाजी रात्री साडेबाराला मागून जाऊन आदळले. ट्रॉली पंक्चर होऊन निम्म्या रस्त्यात उभी, चाकामागं दगड लावलेले, ना रिफ्लेक्टर ना दिवा ना साधी झाडाची फांदी. दाजी एमआयडीसीतल्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, टॉवेल काढायचे, दुसरी पाळी सुटली होती आणि कुंभारीकडं घरी निघाले होते. वय 38. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं, पण उजवं मनगट चेचलं. सिव्हिलला नेलं, प्लेट बसली, स्क्रू बसले, हात वाचला. सगळे म्हणाले नशीब.

[क्लोजअप : दाजींचा उजवा हात, अंगठा आणि पहिलं बोट]

आता हा हात बघा. चहाचा कप धरतो, गाडीची किल्ली फिरवतो. पण लूमवर ताण्याची तार, म्हणजे उभा धागा, तुटली की ती दोन बोटांत पकडून चिमटीतल्या चिमटीत गाठ मारायची असते, मशीन थांबलेलं असतं, शेजारचं लूमपण बघायचं असतं, आणि हे दिवसातून किती वेळा त्याला हिशोब नाही. ती चिमूट आता बसत नाही. अंगठा बोटापर्यंत जातो आणि तिथंच थरथरतो. मी कॅमेरा जवळ नेला तर दाजी म्हणाले, "काय शूट करलालास बे, तुटलेला धागा दिसतोय, गाठ कुठंय ते दाखव."

सर्टिफिकेटवर कायमचं अपंगत्व आलं 20 टक्के. आणि घरात सगळ्यांनी, माझ्यासकट, असं धरलं की भरपाईपण 20 टक्क्यांचीच.

इथंच आम्ही चुकलो होतो, आणि माझ्या अंदाजानं बरीच माणसं इथंच चुकतात. डॉक्टर शरीराचे टक्के देतो, कोर्टाला बघायची असते कमाई किती बुडाली ते. सुप्रीम कोर्टानं 2010 मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात हे अगदी सोपं करून सांगितलंय. डावा हात तुटला तर वैद्यकीय अपंगत्व समजा 60 टक्के, पण माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के गेली, आणि तोच माणूस सरकारी ऑफिसात क्लार्क असेल तर कदाचित नोकरी टिकेलसुद्धा. म्हणजे प्रश्न हाताचा नाही, त्या हातानं माणूस काय काम करत होता त्याचा आहे.

आकड्यात सांगतो, आकडे समजण्यापुरते. महिना 15,000 धरा, वर्षाचे 1,80,000. स्वतःच्या जिवावर कमावणारा किंवा ठरलेल्या पगारावरचा, आणि चाळिशीच्या आतला असेल तर पुढं कमाई वाढली असती म्हणून 40 टक्के जोडतात, हे 2017 च्या प्रणय सेठी निकालातलं, झाले 2,52,000. मग वयाप्रमाणं गुणक, 36 ते 40 वयाला 15, हा तक्ता 2009 च्या सरला वर्मा निकालातला. गुणाकार 37,80,000. आता याचे 20 टक्के काढले तर 7,56,000 आणि कोर्टानं कमाईचं नुकसान 60 टक्के मानलं तर 22,68,000. हात तोच, अपघात तोच. दवाखान्याचा खर्च, वेदना, काम बंद होतं तेवढ्या दिवसांचा पगार हे सगळं वेगळं.

[अक्काचं घर. खुंटीला अडकवलेली पिशवी]

पण हे सिद्ध कशानं करायचं? तर या पिशवीनं. सोलापुरी चादर ज्या चेनच्या प्लॅस्टिक पिशवीत मिळते ना, तीच. अक्का दिवसभर विड्या वळते, तिला कायदा वगैरे काही माहीत नाही, पण कागद फेकायचा नाही एवढं माहीत. एफआयआर, डिस्चार्ज कार्ड, मेडिकलच्या दुकानाची पुसट झालेली बिलं, आणि सगळ्यात भारी म्हणजे पगाराच्या आठवड्याच्या चिठ्ठ्या, शेटच्या हातच्या, रबर लावून ठेवलेल्या. पगार रोख, पीएफ नाही, शेट लेखी पत्र द्यायला कां कूं करतोय कारण पत्र दिलं की कामगार आपल्याकडं होता हे कागदावर आलं. चिठ्ठ्या नसत्या तर कोर्टानं अंदाजानं उत्पन्न धरलं असतं, आणि ते बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा कमीच असतं.

दुसरं म्हणजे फोटो. मागून धडकलं की पहिली बोंब ज्यानं धडकवलं त्याच्या नावानं. पंचनामा सकाळी झाला तोवर ट्रॉली बाजूला घेतली होती. पण मागून येणाऱ्या एका पोरानं रात्रीच मोबाईलवर दोन फोटो काढले होते, अंधार, ऊस, चाकामागचा दगड, लाल रंगाचा एक ठिपकापण नाही. त्या फोटोवरून तपास फिरला आणि चार्जशीट ट्रॅक्टरवाल्यावर झालं. तरी विमा कंपनी म्हणतेच आहे की दाजींचीपण चूक होती, वेग जास्त होता. कोर्टाला तसं पटलं तर तेवढे टक्के भरपाईतून कापले जातात.

कंपनीचा दुसरा मुद्दा त्याहून वांड. पॉलिसी ट्रॅक्टरची, तीपण शेतीकामासाठी, ट्रॉलीचा विमाच नाही, मग आम्ही का भरायचं? अशा वेळी कोर्ट कधीकधी सांगतं की आधी कंपनीनं पैसे द्या आणि नंतर मालकाकडून वसूल करा. कधीकधी. प्रत्येक वेळी नाही, म्हणून आमचे वकील यावर काही बोलत नाहीत, नुसतं बघू म्हणतात.

वकिलाचं आलंच आहे तर, अपघाताच्या तिसऱ्या दिवशी वॉर्डाबाहेर एक गृहस्थ भेटले होते, काही खर्च नको, मिळेल त्यात अमुक टक्के द्या. दाजी गुंगीत, अक्का रडतेय आणि हा माणूस कोऱ्या कागदावर सही मागतोय! निकालातल्या रकमेचा हिस्सा फी म्हणून घ्यायला वकिलांना बार कौन्सिलच्या नियमानंच बंदी आहे, आणि हा तर वकीलपण नव्हता. बायकांना, अपंगांना, औद्योगिक कामगारांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, हे त्या वॉर्डात कुणीच सांगत नव्हतं.

[जिल्हा न्यायालयाचा व्हरांडा]

दावा लागला मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. अपघात बाहेरगावी झाला असता तरी आपण राहतो तिथं लावता येतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. 1 एप्रिल 2022 पासून सहा महिन्यांची मुदत आली, तिला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं गेलंय, पण त्या भरवशावर बसू नका, आम्ही पाचव्या महिन्यात लावला तोसुद्धा उशीरच. आणि गाडीच सापडली नाही, ठोकून पळून गेली, तर वेगळी योजना आहे, मृत्यूला 2 लाख आणि गंभीर दुखापतीला 50,000. आमच्याकडं ट्रॉली निदान पंक्चर होती.

साक्षीच्या दिवशी मी मागच्या बाकावर होतो. कंपनीच्या वकिलांनी फार काही विचारलं नाही. जबाब टाईप झाला, दाजींनी त्याच उजव्या हातानं सही केली, हळूहळू केली पण केली. वकील लगेच म्हणाले, सही तर व्यवस्थित करताय की. दाजी बघतच राहिले. बाहेर आल्यावर, चहाच्या टपरीवर, त्यांना उत्तर सुचलं, "सही काय एकदा करायची, तार दिवसभर तुटती."

ते वाक्य कोर्टात बोलायला पाहिजे होतं. आता तेच काम डॉक्टरांच्या साक्षीतून करून घ्यायचंय, चिमूट बसत नाही म्हणजे काय आणि लूमवर चिमटीचं काम काय. नुसतं सर्टिफिकेट दाखल करून भागत नाही, डॉक्टरांना बोलवावं लागतं, आणि डॉक्टरांना वेळ नसतो, दोन तारखा तशाच गेल्या. निकाल मनासारखा नाही लागला तर अपील हायकोर्टात. आधी त्यासाठी मुंबई गाठावी लागायची, 18 ऑगस्ट 2025 पासून सोलापूरची अपिलं कोल्हापूरच्या बेंचकडं जातात, तेवढाच एसटीचा खर्च कमी.

[घर, संध्याकाळ]

दाजी सध्या एका गोडाऊनला वॉचमन आहेत, लूमच्या पगाराच्या निम्म्यावर. घरी आले की अक्काच्या विडीच्या धाग्याचं रीळ घेऊन डाव्या हातानं गाठ मारायचा प्रयत्न करतात. अक्का ओरडते, धागा संपतोय, कारखान्यात हिशोब द्यावा लागतो. मग ते रीळ परत सुपात ठेवतात, आणि अक्का खुंटीवरची पिशवी काढून पुढच्या तारखेची चिठ्ठी आत घालते.