ईझिंग्टनच्या कौन्सिलने मागितलेले शहर

श्रोतेहो, नमस्कार. इंग्लंडच्या ईशान्येस, डरहॅम परगण्यात, उत्तर समुद्राच्या काठी ईझिंग्टन नावाचा एक ‘रूरल डिस्ट्रिक्ट’ होता. १८९४ च्या कायद्याने त्याचा कारभार लोकांनी निवडून दिलेल्या कौन्सिलकडे आला. पाणी, सांडपाणी, सार्वजनिक आरोग्य आणि पुढे घरबांधणी ही तिची मुख्य कामे. आपल्या पंचायत समितीच्या जवळपासची ही संस्था म्हणता येईल.

सरकारी दप्तरात हा भाग ग्रामीण होता खरा, परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी हॉर्डन, ब्लॅकहॉल आणि खुद्द ईझिंग्टन येथे कोळशाच्या खोल खाणी निघाल्या आणि शेतजमिनीवर खाणकामगारांच्या घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. हॉर्डनमध्ये तर कित्येक गल्ल्यांना नावाऐवजी पहिली, दुसरी, तिसरी असे नुसते क्रमांक होते. घरे कंपनीची, त्यामुळे कामगाराची नोकरी आणि डोक्यावरचे छप्पर एकाच मालकाच्या हाती असे.

या परिस्थितीला कौन्सिलचे अभियंता सी. डब्ल्यू. क्लार्क यांनी दिलेले उत्तर मला फार मोलाचे वाटते. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी ‘फेअरवेल स्क्वॉलर’, म्हणजे बकालपणाला निरोप, या नावाचा अहवाल लिहिला. प्रत्येक खाणवस्तीला थोडी थोडी घरे जोडत बसण्यापेक्षा सर्वांसाठी मिळून एकच नवे शहर वसवावे, दुकाने, करमणुकीची ठिकाणे आणि खाणीबाहेरचे रोजगार तेथे आणावेत, असे त्यांचे म्हणणे होते. गटारे आणि नळ पाहणाऱ्या कचेरीतून एवढा व्यापक विचार पुढे यावा, आणि निवडून आलेल्या सभासदांनी तो आपला मानून थेट मंत्र्यांपर्यंत न्यावा, हे विशेष आहे. इंग्लंडमधील बहुतेक नवी शहरे वरून ठरली. हे मात्र तेथल्या लोकांनी मागून घेतले.

१९४८ मध्ये मंजूर झालेल्या या शहराला पीटर ली यांचे नाव मिळाले. दहाव्या वर्षी खाणीत उतरलेले ली पुढे कामगारांचे पुढारी झाले आणि १९१९ मध्ये डरहॅम काउंटी कौन्सिलचे अध्यक्षही. मात्र पीटरली या नव्या शहराचे काम सोपे नव्हते. जमिनीखाली कोळसा होता, तो काढायचा तर वरची जमीन खचण्याची भीती, आणि न काढायचा तर राष्ट्रीय कोळसा मंडळाचा विरोध. आराखडा करणारे प्रसिद्ध वास्तुशिल्पी बर्थोल्ड लुबेटकिन या ओढाताणीत १९५० मध्ये काम सोडून गेले. पुढच्याच वर्षी, २९ मे १९५१ रोजी, ईझिंग्टन खाणीत स्फोट झाला आणि बचावासाठी उतरलेल्या दोघांसह ८३ जण मृत्युमुखी पडले.

१ एप्रिल १९७४ रोजी देशभरातील रूरल डिस्ट्रिक्ट रद्द झाले, तेव्हा ही कौन्सिलही संपली. शेजारच्या सीहॅमसह नवा ईझिंग्टन जिल्हा झाला, तोही २००९ मध्ये डरहॅमच्या एकत्रित कारभारात विलीन करण्यात आला. ईझिंग्टनची खाण १९९३ मध्येच बंद पडली होती. पीटरलीत मात्र आजही लोकवस्ती आहे.